पन्नास तासांच्या आधी उघडलेले इंजिन आणि लॉगबुकातली दुसरी सही

विमान हँगरमधून बाहेर ढकलून झाल्यावर आमच्यातल्या सर्वांत तरुण वैमानिकाने सवयीप्रमाणे दोन्ही इग्निशन बंद असल्याची खात्री केली, बाजूला उभे राहून प्रोपेलर हाताने सावकाश फिरवला आणि काही क्षण थांबून तोच भाग पुन्हा दोनदा फिरवून पाहिला. "दादा, एक दाब भरीव लागतोय आणि पुढचा पोकळ," तो म्हणाला. माझ्या अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलक्या, छोट्या विमानात रोटॅक्स ५८२ हे दोन सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन आहे आणि त्याचा गिअरबॉक्स २.५८ ला १ या प्रमाणात फेऱ्या कमी करतो. त्यामुळे प्रोपेलरच्या एका फेरीत हाताला साधारण पाच दाब जाणवतात आणि ते सगळे सारखे लागले पाहिजेत. मागच्याच आठवड्यात मी या विमानातून पाऊण तास उडून आलो होतो आणि मला काहीही वेगळे जाणवले नव्हते. त्याच्या उड्डाणाचे एकूण तास माझ्या निम्मेही नव्हते, त्यामुळे खरे सांगायचे तर त्याचे म्हणणे ऐकून आधी मला थोडा रागच आला. मग मी स्वतः प्रोपेलर फिरवून पाहिला. दाब खरोखरच पोकळ होता.

त्या दिवशीचे उड्डाण अर्थातच रद्द झाले. इंजिनाची मागची सफाई होऊन ४७ तास झाले होते आणि ५० तासांच्या टप्प्याला पिस्टन व त्याच्याभोवतीच्या, सिलिंडरशी फट बंद ठेवणाऱ्या रिंगा तपासणे या इंजिनांच्या बाबतीत अपेक्षितच असते, त्यामुळे मी स्वतःची समजूत घातली की काम फक्त तीन तास आधी आले आहे. ही समजूत फार वेळ टिकली नाही, कारण ती पाहणी माझ्या बोटांनी केली असती तर हा बिघाड सापडला असता, याची मला अजिबात खात्री नव्हती.

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, साधारणपणे ५० भाग पेट्रोलला एक भाग तेल, आणि ते पेट्रोलबरोबर जळते. जे नीट जळत नाही त्याचा कार्बन होऊन पिस्टनच्या माथ्यावर, जळालेले वायू बाहेर पडतात त्या एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि रिंगांच्या खाचांत साचतो. खाचेत कार्बन भरला की रिंगेला बाहेरच्या बाजूला उसळी मारायला जागा उरत नाही, ती खाचेतच चिकटून बसते, जळणारे वायू तिच्या कडेने खाली निसटतात आणि पिस्टनची उष्णता सिलिंडरच्या भिंतीकडे जाण्याचा मुख्य रस्ताच बंद होतो. या घराण्यातल्या इंजिनांचे मूळ बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलमध्ये आहे. वजनाच्या मानाने ताकद भरपूर असल्यामुळे अल्ट्रालाइटवाल्यांनी ती उचलली आणि ताकदीबरोबर येणारी ही वरचेवरची सफाईही पत्करली. स्नोमोबाइल बंद पडली तर माणूस चालत घरी जाऊ शकतो, एवढा एकच फरक आहे.

सिलिंडर न काढता रिंगेची अवस्था पाहण्याची एक जुनी रीत आहे. आम्ही एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना लागलेली जोडनळी, काढला, पिस्टन खालीवर करून रिंगा एक्झॉस्टच्या खिडकीसमोर आणल्या आणि मऊ लाकडाच्या काडीने त्या हलकेच दाबून पाहिल्या. प्रोपेलरपासून दूर असलेल्या सिलिंडरातल्या दोन्ही रिंगा दबून परत वर आल्या. गिअरबॉक्सकडच्या सिलिंडरातली खालची रिंग आळसावून दबली आणि वरची जागची हललीच नाही.

आमच्या हँगरमध्ये चार विमाने आहेत आणि पाच वैमानिक. पाचवे म्हणजे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी स्वतःचे विमान केव्हाच देऊन टाकले आहे, पण येणे थांबवलेले नाही. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांनी काडी घेऊन स्वतः दाबून पाहिले, मग मी इंजिन कसे तापवतो ते विचारले. मी थोड्या अभिमानानेच सांगितले की मी अजिबात घाई करत नाही, दहा-पंधरा मिनिटे इंजिन मंद फिरू देतो आणि उतरल्यावरही आणखी पाच मिनिटे तसेच ठेवतो. "जपून जपून चिकटवलीस की रे तिला," काका म्हणाले.

यामागे माझी भीती होती आणि ती निराधार नव्हती. पाण्याने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन पुरेसे न तापवता एकदम पूर्ण थ्रॉटल दिला तर ॲल्युमिनियमचा पिस्टन भराभर तापून फुगतो, सिलिंडर मात्र अजून थंड पाण्याच्या वेढ्यात असल्यामुळे तेवढा फुगत नाही, दोघांमधली फट नाहीशी होते आणि इंजिन जाम होते. थर्मोस्टॅट उघडून रेडिएटरमधले गार पाणी एकदम आत आले तरी असेच घडू शकते. प्रशिक्षणाच्या काळात मी असा जाम झालेला पिस्टन हातात घेऊन पाहिला होता; त्याच्या बाजूंवर चार ठिकाणी उभे ओरखडे होते आणि ते मी विसरलो नव्हतो. म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेलो. मंद फिरणाऱ्या इंजिनात ज्वलन अर्धवट होते, तापमान कमी राहते, तेल न जळता आत रेंगाळते आणि कार्बन वाढतो. शिवाय फारच कमी फेऱ्यांवर गिअरबॉक्सचे दात एकमेकांवर आपटत राहतात. काकांच्या मते सुरुवातीची दोन मिनिटे सुमारे २००० फेऱ्यांवर, मग २५०० वर, आणि पाण्याचे तापमान पुरेसे वर येऊन स्थिर झाले की निघायचे, एवढेच पुरे. हे सगळे माहितीपुस्तकात होते. मी ते वाचलेही होते, पण भीतीने त्यात माझ्याकडची मिनिटे घातली होती.

इंजिन उघडण्याआधी काकांनी हत्यारे मोजायला लावली. माझ्या विमानात इंजिन वैमानिकाच्या मागे आणि प्रोपेलर इंजिनाच्या मागे आहे. अशा रचनेत इंजिनावरून निसटलेली प्रत्येक वस्तू, मग तो वॉशर असो वा एक्झॉस्टची तुटकी स्प्रिंग, मागे प्रोपेलरमध्येच जाते. त्यामुळे पाने, पकडी, सॉकेटे, कापडाचे तुकडेसुद्धा मोजून वहीत लिहिले गेले. कापडाचे तुकडे कशाला, हे मला नंतर कळले: सिलिंडर वर उचलताच क्रँककेसचे, म्हणजे त्याखालच्या पेटीचे, तोंड कापडाने बुजवायचे असते, आणि बुजवलेले कापड आत विसरण्याची क्षमता प्रत्येक माणसात असते.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, काढून घेतले, कार्ब्युरेटर बाजूला केले, हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, बोल्ट तिरक्या क्रमाने थोडे थोडे सैल करून हेड उचलले आणि मग सिलिंडर. पिस्टन कनेक्टिंग रॉडला ज्या पिनेने जोडलेला असतो, ती पिन जागेवर ठेवणाऱ्या तारेच्या सर्कलिपा काढताना तरुण सहकाऱ्याने आपला तळवा आडवा धरला, कारण त्या उडतात आणि उडाल्या की सापडत नाहीत. काढलेली सर्कलिप पुन्हा वापरायची नसते. ती एकदा वाकवली की तिच्यावरचा भरवसा संपला. पिनेभोवती सुयांसारखे बारीक सुटे रोलर असतात, त्यांना धरून ठेवणारा पिंजरा नसतो, त्यामुळे पिन सरकवताच ते पावसासारखे गळू लागतात. आम्ही ते पांढऱ्या कापडावर झेलले, दोघांनी स्वतंत्रपणे मोजले आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत पुढे गेलो नाही. पहिल्यांदा ते जुळले नव्हते. एक रोलर माझ्या बाहीच्या घडीत होता.

चिकटलेली रिंग तुटूनच निघाली. तिचा उपयोग लगेच झाला, कारण खाच साफ करायला त्याच मापाच्या जुन्या रिंगेच्या तुकड्यासारखे हत्यार नाही. तो खाचेत नेमका बसतो आणि ॲल्युमिनियमला ओरखडे न पाडता कार्बन खरवडतो, बशर्ते हात हलका असेल. पोलादी पात्याने काम लवकर होते आणि खाच कायमची बिघडते. या एका पिस्टनवर आम्ही दोघांनी दोन तास घालवले. एका क्षणी तरुण सहकारी फोनवर बोलायला बाहेर गेला आणि परत आल्यावर सोडले होते तिथून न लागता आधीच्या तीन पायऱ्या पुन्हा तपासून मग पुढे लागला. हा नियम त्याला कोणी शिकवला, हे मी विचारले नाही, पण माझ्याकडे तो नव्हता.

याच दोन तासांत हँगरमध्ये जुना वाद नव्याने रंगला. आमच्यातल्या एकाचे ठाम मत असे की आजच्या चांगल्या कृत्रिम तेलावर दर ५० तासांनी सिलिंडर काढणे म्हणजे बरे असलेले पोट फाडून पाहणे आहे. खिडकीतून रिंगा मोकळ्या दिसल्या की पुढे उडावे, कारण इंजिन जितक्यांदा उघडाल तितक्यांदा चूक करण्याची संधी मिळते. काकांचे म्हणणे असे की खिडकीतून रिंगेचा एकच भाग दिसतो. माझे मत आता असे झाले आहे की पहिल्याचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते त्याच्यासारख्या माणसाला शोभते, जो दर दहा तासांनी खरोखर वाकून खिडकीतून पाहतो. मी पाहत नव्हतो.

जोडणी उलट क्रमाने होते असे म्हणतात, पण उलट क्रमात बारकावे अधिक असतात. नवी रिंग आधी एकटीच सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजली. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे असल्याचे पाहिले. खाचेत एक बारीक खुंटी असते, रिंगेची टोके तिच्या दोन्ही बाजूंना बसली नाहीत तर ती फिरून सिलिंडरच्या खिडकीत अडकू शकतात. नव्या सर्कलिपांची उघडी बाजू आडवी न ठेवता उभी ठेवली, म्हणजे पिस्टनच्या खालीवर होण्याने ती दबून निसटत नाही. सिलिंडर पक्के करण्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सैलसर लावून दोन्ही सिलिंडरांची तोंडे एका रेषेत आणली. हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने तिरक्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळले. आवळणारा मी, आकडा वाचणारा दुसरा. टॉर्क पाना आमचा सामाईक आहे आणि वापरून झाल्यावर तो शून्याकडे सैल करून न ठेवणाऱ्या माणसाला जे ऐकावे लागते, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

इंजिन मोकळे होते तेवढ्यात बाकीचे विमानही पाहून घेतले. पेट्रोलच्या नळ्या वाकवल्यावर कडक लागल्या, त्या बदलल्या. कार्ब्युरेटर ज्या रबरी सॉकेटांवर बसतात ती ताणून पाहिली, चिरा नव्हत्या. इथली बारीकशी चीरही जादा हवा आत घेते, मिश्रण पातळ होते आणि पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, त्यामुळे नुकसान दुप्पट असते. पंखांचे कापड उन्हाने किती कमकुवत झाले आहे, ते सुई आणि स्प्रिंगकाट्याने तपासले, ते उत्तम निघाले. मग सुती फडके मुठीत धरून सगळ्या नियंत्रक केबलींवरून फिरवले. विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीच्या, म्हणजे एलेव्हेटरच्या, वरच्या केबलीवर, पुलीजवळ, फडके अडकले. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. केबल वाकवल्यावर दोन तुटलेल्या तारा केसांसारख्या वर आल्या.

नवी केबल मी आणि काकांनी मिळून केली. टोकाला वळणाला आधार देणारी लोखंडी थिंबल, त्यावर केबलीचा फासा, फाशावर तांब्याची स्लीव्ह आणि ती दाबण्याचे लांब दांड्यांचे हत्यार. दाबल्यानंतर गेज लावून स्लीव्ह पुरेशी दबली आहे का ते पाहायचे. ती बसवणे, टर्नबकलने, म्हणजे आट्यांच्या ताणजोडाने, ताण जुळवणे आणि त्याला सुरक्षा तार बांधणे हे काम मात्र मी एकट्याने, संध्याकाळी, सगळे गेल्यावर केले. कॉकपिटमधली स्टिक मागे ओढली, एलेव्हेटर वर गेला. पुढे ढकलली, खाली आला. तीनदा पाहिले आणि लॉगबुकात सही केली.

आमच्याकडे नियंत्रकांना हात लागला की एक सही पुरत नाही. ज्याने काम केले नाही अशा दुसऱ्या माणसाने ते स्वतंत्रपणे तपासून दुसरी सही करायची, तोपर्यंत विमान उडत नाही. व्यावसायिक विमानवाहतुकीतही महत्त्वाच्या जोडण्यांसाठी ही पद्धत आहे, आणि ती जिथे लागू नव्हती तिथे काय झाले याचे उदाहरण काका नेहमी देतात: जून १९९० मध्ये ब्रिटनमधून निघालेल्या एका प्रवासी जेटची कॉकपिटची काच सतरा हजार फुटांवर निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, सुमारे सत्तावीस तास आधी बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ किंचित कमी जाडीचे होते. कॅप्टन वाचला. बोल्ट बसवणारा अनुभवी होता, त्याने काम मन लावून केले होते, आणि त्या कामाला दुसऱ्या माणसाची तपासणी नियमाने आवश्यक नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सहीसाठी तोच तरुण आला. मी लॉगबुक पुढे केले. त्याने ते न उघडता विमानाकडे जाऊन मला कॉकपिटमध्ये बसवले आणि स्वतः शेपटीशी उभा राहिला. मी "मागे" म्हणायचो, तो "एलेव्हेटर वर" म्हणायचा. मी "पुढे", तो "खाली". सगळे बरोबर होते. मग त्याने मला स्टिक पूर्ण मागे ओढून तशीच धरायला सांगितले आणि तो शेपटीखाली आडवा झाला. बराच वेळ काहीच आवाज नाही. माझा हात भरून आला आणि मनात असेही आले की हा आता उगाच वेळ काढतो आहे. शेवटी त्याने विचारले, "दादा, जुनी केबल या तिरक्या नळीच्या आतून जात होती की बाहेरून?"

उघडण्याआधी काढलेले फोटो होते. जुनी केबल आतून जात होती. मी नवी बाहेरून नेली होती. जाण्याच्या रेषेत पडलेला तेवढा फरक टर्नबकलने ताण जुळवताना मीच गिळून टाकला होता, त्यामुळे हालचाल मोकळी आणि योग्य दिशेची वाटत होती. फक्त स्टिक पूर्ण मागे असताना केबल नळीच्या कडेला घासत होती. जमिनीवर तीनदा तपासताना मी एलेव्हेटरकडे पाहिले होते, केबलीच्या वाटेकडे नाही. ती त्या दिवशी तुटली नसती. काही तासांनी, बहुधा उतरताना स्टिक मागे ओढलेली असताना, काय झाले असते याचा अंदाज मी करू शकतो.

तो काहीच बोलला नाही. सुरक्षा तार कापण्यासाठी पकड आणून माझ्या हातात दिली आणि मी केबल काढून पुन्हा बसवली. काका तेवढ्यात आले होते, त्यांनीही काही विचारले नाही. फक्त त्या नळीवर, केबल जिथून जायला हवी तिथे, लाल रंगाची एक रेघ ओढून ठेवली. तपासणी पहिल्यापासून पुन्हा झाली आणि मग त्याने सही केली. पूर्वी मला अशा वेळी वाटायचे की दुसऱ्याने माझे काम तपासणे म्हणजे माझ्यावर अविश्वास आहे, आणि इतरांची विमाने तपासताना मी स्वतःही थोडा संकोचून, वरवर पाहायचो. त्यांच्या सह्या घेऊन मी किती वेळा उडालो आणि माझ्या सह्यांवर ते किती वेळा उडाले, याचा हिशेब त्या दुपारी मला नकोसा झाला होता.

चाचणीसाठी विमानाची शेपूट दोराने बांधली. कूलंटमधली हवा काढून झाली होती, दोन्ही कार्ब्युरेटरच्या सरकपट्ट्या एकाच वेळी उचलल्या जातात हे बोटाने पाहून झाले होते. दोन मिनिटे २००० फेऱ्या, मग २५००; पाण्याचा काटा ६५ अंशांच्या पुढे गेला आणि मी आणखी थांबावे की नाही या विचारात असताना काकांनी बाहेरून हाताने पुढे चालण्याची खूण केली. नव्या रिंगेला बसू देण्यासाठी ठरलेल्या क्रमाने फेऱ्या वाढवत, कमी करत सुमारे तासभर इंजिन चालवले. दोन्ही सिलिंडरांच्या एक्झॉस्टचे तापमान जवळजवळ सारखे आणि ६५० अंशांच्या मर्यादेच्या बरेच खाली होते. इंजिन गार होऊ देऊन कूलंटची पातळी, मॅनिफोल्डच्या स्प्रिंगा आणि हेडचे बोल्ट पुन्हा पाहिले. हत्यारे मोजली, वहीतला आकडा जुळला, कापडाच्या तुकड्यांसह.

उड्डाण पंचवीस मिनिटांचे झाले, धावपट्टीच्या वर, इंजिन बंद पडले तरी सरकत परत येता येईल इतक्या उंचीवर आणि अंतरावर. खाली उतरताना अर्ध्या थ्रॉटलवर मी तापमानाच्या काट्यांवरून नजर हटवली नाही, कारण प्रोपेलरवरचा भार कमी झालेल्या या अवस्थेतच मिश्रण पातळ होऊन एक्झॉस्ट तापतो. काटे किंचित वर गेले आणि थांबले. धावपट्टीच्या कडेला चौघे उभे होते. त्यांपैकी कोणीही वर पाहत नव्हते, सगळे ऐकत होते.

तुटलेल्या रिंगेचा मोठा तुकडा काकांनी फेकू दिला नाही. त्याच्या एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, त्यावर इंजिनाचे नाव लिहून तो सामाईक हत्यारपेटीत ठेवला. सहा आठवड्यांनी तरुण सहकाऱ्याच्या इंजिनाचे ५० तास भरले तेव्हा खाच साफ करायला तोच वापरला, आणि त्याच्या लॉगबुकात दुसरी सही करण्याआधी मी शेपटीखाली आडवा होऊन चांगली वीस मिनिटे पडून होतो.